तिसरा डबा कुठे ठेवू नये

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी पिशवीत तीन पांढरे डबे घेऊन घरी आलो. साखरेच्या डब्याएवढे, गुळगुळीत, वर कुठेही बटण नाही. दुकानदार म्हणाला होता, "घरभर वायफाय पोचेल, काका. कोपरा न् कोपरा." मी म्हटलं, मला एकच कोपरा हवा आहे. तो हसला. नोकरीत होतो तेव्हा माझ्या विनोदांना कोणी हसत नसे; निवृत्त झाल्यापासून मी गंभीरपणे बोललो की लोक हसतात.

हे सगळं मी इतक्या शांतपणे कसं सांगतो आहे, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. कारण पुढे येईलच.

कोपरा म्हणजे मागची खोली. तिथे माझी बायको झोपून असते. आठ महिन्यांपूर्वी तिला झटका आला आणि उजवं अंग आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं. दोन महिने हॉस्पिटलच्या वॉर्डात काढून ती घरी आली, ती एका अटीवर. डाव्या हाताच्या बोटाला एक चिमटा आणि मनगटाला पट्टा. तो पट्टा तिची नाडी मोजतो आणि घरातल्या वायफायवरून हॉस्पिटलातल्या एका टेबलावर पाठवतो. टेबलामागे सिस्टर बसतात. दुपारच्या सिस्टरशीच माझं बोलणं व्हायचं. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. लाइन तुटली की त्या आमच्या जुन्या लँडलाइनवर फोन करायच्या. दहा मिनिटांच्या वर तुटलेली राहिली की कागदावर एक फुली. महिन्यात तीन फुल्या झाल्या की पेशंट परत वॉर्डात. नियम आहे. नियमांबरोबर मी चौतीस वर्षं एका ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलो आहे, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग नाही.

त्या मंगळवारपर्यंत दोन फुल्या झाल्या होत्या.

तिला घरी आणलं त्या संध्याकाळची गोष्ट. आमची भाषा तोवर ठरली होती. माझं बोट तिच्या डाव्या मुठीत. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. मी सहज विचारलं, "त्रास वाढला तर परत वॉर्डात जाऊया ना?" तिने दोनदा दाबलं. पुन्हा दोनदा. मग दाबतच राहिली, नखं रुतेपर्यंत. वॉर्डात तिला काय झालं होतं, काय दिसलं होतं, हे हो-नाहीत मावणारं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. म्हटलं, "बरं. नाही नेणार." तेव्हा कुठे बोट सुटलं. आम्हाला मूलबाळ नाही. म्हणजे हा शब्द ऐकणारी ती एकटी आणि पाळणारा मी एकटा.

डबे जोडायला वायरवाल्या बाई आल्या. पंचावन्नच्या असतील. पूर्वी टेलिफोनच्या खांबांवर चढायच्या. आता गुडघे नाही म्हणतात, म्हणून घरांत शिरतात, असं त्यांनीच सांगितलं. कानामागे पेन्सिल, कमरेला पक्कड.

समोरच्या खोलीत भिंतीवर जुना राउटर होता. मी म्हटलं, "हा काढून टाकायचा ना?"

"का? म्हातारा झाला म्हणून?" बाई म्हणाल्या. "काका, तुमचा लँडलाइन याच्यातूनच चालतो. हा राहणार. बाहेरचं इंटरनेट घरात आणायचं, एवढंच याचं काम. घरभर बोलायचं काम आता या तिघांचं. याचं वायफाय मी बंद करते. दोघं एकदम बोलायला लागले की काकूंच्या पट्ट्याला कळत नाही, कोणाचं ऐकायचं."

"म्हणजे खुर्ची ठेवायची, पण तोंड बंद."

"अगदी बरोबर."

"ओळखीचं पद आहे. शेवटची दोन वर्षं मी त्याच पदावर होतो."

बाई खळखळून हसल्या. पहिला डबा त्यांनी वायरीने जुन्या राउटरला जोडला. दुसरा पॅसेजमध्ये ठेवला. तिसरा मागच्या खोलीच्या दाराशी, स्टुलावर. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणजे पट्ट्याला नव्याने ओळख करून द्यायला नको. नाव होतं 'घरी'. ते हिने ठेवलेलं, बोलत होती तेव्हा.

"आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "पांढरा दिवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे याला काही ऐकू येत नाही. आणि लोक एक चूक हमखास करतात. जिथे रेंज नाही, नेमका तिथेच डबा नेऊन ठेवतात. तिथे नाही ठेवायचा. जिथे अजून थोडी आहे तिथे ठेवायचा. खड्ड्यात नाही, काठावर. हा स्वतःचं काही बोलत नाही, काका. ऐकतो, आणि ऐकलं ते पुढे सांगतो. जिथे काहीच पोचत नाही तिथे बसवलात, तर काय ऐकेल?"

"काहीच नाही."

"मग तेच पुढे सांगेल."

मग हातात फोन धरून त्या घरभर फिरल्या. फोनवर रेंजचा आकडा येत होता. समोरची खोली पंच्याण्णव. स्वयंपाकघर अठ्ठ्याऐंशी. मागच्या खोलीत पलंगाशी ऐंशी. हिने डोळे उघडून पाहिलं. बाईंनी "काय काकू, आज कशा आहात?" असं विचारून, जाता जाता तिच्या पायावरची चादर नीट केली. तेवढ्यावर मला त्या आवडल्या.

परत येताना पॅसेजमध्ये त्या थांबल्या. आकडा आठ.

"इथे भिंतीत टाकी आहे का पाण्याची?"

"नाही."

"माशांची पेटी, काही पाळलेलं?"

"या घरात पाळीव मी एकटाच."

यावेळी त्या हसल्या नाहीत. फोन डावीकडे नेला, ऐंशी. मध्ये आणला, आठ. उजवीकडे नेला, ऐंशी. "पाणी रेंज पितं," त्या म्हणाल्या. "टाकी असली, पिंप असलं, की मागे सावली पडते. माणूस मध्ये उभा राहिला तरी पडते. माणूस तरी काय, पाण्याचं पिंपच. पण माणसाची एवढी नाही पडत…"

बोलता बोलता आकडा परत ऐंशी झाला.

"गेलं," मी म्हटलं.

"हं." बाई पॅसेजच्या टोकाकडे बघत होत्या. "बाजूला झालं."

काय बाजूला झालं, हे मी विचारलं नाही. नको तो प्रश्न विचारून फाइल वाढवायची नाही, ही माझी नोकरीतली सवय. जाताना माझ्या मोबाइलवरही तो आकडा दिसेल असं त्यांनी करून दिलं आणि सांगितलं, "दिवसभर तासातासाला आकडे लिहून ठेवा. सोमवारी येते मी. तोवर डबे हलवू नका."

लिहून ठेवा, असं मला पाच वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. मी कपाटातून कोरं रजिस्टर काढलं, पट्टीने रेघा मारल्या. वेळ, समोरची खोली, पॅसेज, स्वयंपाकघराचं दार, मागचं दार, पलंग, आणि शेवटी रुंद रकाना शेऱ्यासाठी. खरं सांगायचं तर त्या आठ महिन्यांत मला काही वाटेनासं झालं होतं. सकाळी तिचं अंग पुसायचं, पातळ जेवण चमच्याने भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. दुःखाला सवड लागते, ती नव्हती. तेव्हाचं ते बधिरपण मात्र माझं स्वतःचं होतं. हे लक्षात ठेवा.

बुधवारी दुपारी तीनला पॅसेजच्या मधोमध आठ. बाकी सगळीकडे ऐंशीच्या वर. पंधरा मिनिटांनी सगळं ठीक.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दाराशी आठ. म्हणजे कालच्यापेक्षा चार पावलं आत. त्या दिवशी ते बराच वेळ जागचं हललं नाही, म्हणून मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि मोजमाप घेतलं. रुंदी दीड फूट. फोन जमिनीशी नेला, आठ. गुडघ्याशी आठ. छातीशी आठ. माझ्या हनुवटीपर्यंत आठ, त्यावर एकदम ऐंशी. दुपारचं उन्ह खिडकीतून सरळ तिथे पडलं होतं आणि फरशीवर कसलीही सावली नव्हती. मी हात आरपार नेला. हाताला काही लागलं नाही. वास मात्र आला, वर्षभर बंद असलेल्या टाकीचं झाकण उचलल्यावर येतो तसा. आणि डोकं थोडं पुढे केलं, तर पंख्याची घरघर थांबली. पंखा चालू होता. पाण्यात बुडी मारल्यावर कान होतात, तसं काहीसं. मी डोकं मागे घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'अडथळा. उंची पाच फूट एक इंच. स्वरूप अज्ञात.'

तुम्ही म्हणाल, कोणी ओळखीचं असेल. मी तेही तपासलं. घर आम्ही कोरं घेतलं. आमच्याआधी इथे कोणी राहिलेलं नाही आणि आमच्या काळात इथे कोणी गेलेलं नाही. उंचीही कोणाशी जुळत नाही. ही माझ्या खांद्याला लागायची, आई त्याहून बुटकी होती. रेकॉर्ड रूममध्ये अशा कागदाला 'संबंध नसलेला' म्हणत आणि वेगळ्या फडताळात ठेवत. इथे फडताळ नव्हतं.

शुक्रवारी ते मागच्या खोलीत होतं, दार आणि पलंग यांच्या मध्ये. तिसऱ्या डब्याचा दिवा पांढरा होता, पण पलंगाशी आकडा शून्य. लँडलाइन वाजला.

"काका, लाइन गेली हो." दुपारच्या सिस्टर. "चार मिनिटं झाली."

"बघतो आहे."

"बघा बाई लवकर. मला फुली मारायची हौस नाही, पण दहाव्या मिनिटाला इथे आपोआप लाल होतं."

नवव्या मिनिटाला लाइन आली. मी पलंगाशी जाऊन बसलो. हिने माझं बोट धरलं आणि दोनदा दाबलं. मी काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी वायरवाल्या बाईंना फोन केला. सगळं सांगितलं, टेपचंसुद्धा.

"काका, उद्या मला जमत नाही, गावात एका ठिकाणी खांब पडलाय. तिसरा डबा पलंगाच्या उशाशी नेऊन बघा. पण तो जो… अडथळा आहे ना, त्याच्या जागेत ठेवू नका. कितीही घाई झाली तरी."

शनिवारी सकाळीच मी डबा उशाशी नेला. आकडा ब्याण्णव. मला जरा बरं वाटलं. दुपारी तीन वाजता मी पलंगाच्या कडेला रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो. बाहेर कोणीतरी गच्चीवर गादी झोडपत होतं. तीन वाजून आठ मिनिटांनी तो आवाज ऐकू येईनासा झाला. मग पंख्याचा. मग माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा, जो एरवी ऐकू येतो हेच मला माहीत नव्हतं. ओल्या टाकीचा वास आला. मी फोन पुढे धरून हात फिरवला. पायथ्याशी ऐंशी. मध्ये ऐंशी. उशाशी, डबा आणि हिचा डावा हात यांच्या मधल्या हातभर जागेत, शून्य. ते तिच्यावर वाकलं असावं. उंची मोजायची मला आठवण झाली नाही.

तिच्या मनगटावरच्या पट्ट्याचा हिरवा ठिपका विझला.

सहा मिनिटांनी लँडलाइन वाजला. तो मी लांब वायर लावून आधीच पलंगाजवळ आणून ठेवला होता.

"काका…"

"माहीत आहे."

"सहा झाली. आज झाली तर तिसरी फुली ना तुमची? काका, काहीतरी करा. गाडी पाठवावी लागेल मला. माझ्या हातात नाही हो."

मी डबा पलीकडच्या बाजूला नेला. शून्य तिकडे सरकलं. पायथ्याशी नेला. तिकडे सरकलं. सात मिनिटं. हिचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे नव्हते. तिची मूठ माझ्या बोटावर मिटली. दोनदा. दोनदा. मग ती दाबतच राहिली, त्या पहिल्या संध्याकाळसारखी.

"आठ," सिस्टर हळूच म्हणाल्या.

मी चौतीस वर्षं एकच काम केलं. जिथे नोंद नाही तिथे नोंद करायची, जिथे जागा रिकामी आहे तिथे कागद लावायचा. उणीव दिसली की ती बरोबर तिथेच भरायची, दुसरीकडे नाही. इतकं साधं होतं ते. बाईंचं सांगणं मी विसरलो नव्हतो. ते मला त्या क्षणी फक्त तांत्रिक वाटलं. मी डबा उचलला आणि त्या हातभर जागेत, शून्याच्या बरोबर मध्ये, तिच्या हाताला लागून गादीवर ठेवला.

दिवा लाल झाला. मग विझला. माझा हात मनगटापर्यंत गार पडला होता. मी मनात मोजत होतो. बाराव्या आकड्याला दिवा पांढरा झाला, आणि इतका स्वच्छ पांढरा तो आधी कधी नव्हता.

"आली!" सिस्टर म्हणाल्या. "आली काका. छान आली. बहात्तर."

गच्चीवरची गादी झोडपणं पुन्हा ऐकू येऊ लागलं. हिची मूठ सैल पडली. मी रजिस्टरात लिहिलं : 'नऊ मिनिटं चाळीस सेकंद. फुली नाही.'

सोमवारी वायरवाल्या बाई आल्या तेव्हा मी त्यांना अभिमानाने रजिस्टर दाखवलं. शनिवार दुपारपासून सगळ्या रकान्यांत एकच आकडा होता, शंभर. समोरची खोली शंभर, मोरी शंभर, जिना शंभर, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शंभर.

"काका, शंभर कधीच येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि दुकानापर्यंत तर नाहीच नाही. काल रात्री माझ्या घरी फोनवर 'घरी' दिसलं. मला वाटलं दुसऱ्या कोणाचं असेल." त्या मागच्या खोलीत गेल्या आणि दारातच थांबल्या. "तुम्ही तो तिथे ठेवलात."

"नऊ मिनिटं झाली होती."

त्यांनी फोनवर काहीतरी उघडलं, बराच वेळ बघितलं. मग मला दाखवलं. "हे बघा. दुसरा डबा पहिल्याकडून घेतोय. पहिला राउटरकडून. आता हा तिसरा. याच्यापुढे नाव यायला हवं, कोणाकडून घेतोय त्याचं. रिकामं आहे. आपल्या कोणाकडूनच घेत नाहीये हा."

"मग कोणाकडून?"

"मला विचारू नका." आवाज एकदम खाली आला होता. "काका, मी हा काढते. पुन्हा सगळं पहिल्यापासून जोडते."

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"मग राहू द्या."

"अहो, पण…"

"तिसरी फुली होईल, बाई. राहू द्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हिच्याकडे. "काकू, येते हं," असं म्हणाल्या आणि पॅसेजमधून जाताना भिंतीला पाठ लावून, आडव्या चालत गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

लाइन उत्तम चालली होती. सिस्टर खूश. "काका, सगळ्यांच्या तुटतात, तुमची नाही. आणि काकूंची नाडी बघा ना, आधी कशी नव्वद-शंभर उड्या मारायची. आता बहात्तर म्हणजे बहात्तर."

अंग पुसताना चिमटा आणि पट्टा काढावा लागे. त्याआधी मी फोन करून सांगायचो, तेवढ्याची फुली धरत नसत. त्या आठवड्यात एकदा सांगायला विसरलो. सगळं आटोपून, पट्टा परत बांधून फोन केला.

"सिस्टर, माफ करा, पंधरा मिनिटं पट्टा काढला होता. सांगायचं राहिलं."

"काढला होता?" पानं उलटल्याचा आवाज. "नाही काका. इथे चालूच होता. बहात्तर."

दुसऱ्या दिवशी मी पट्टा काढून चहाच्या रिकाम्या कपात ठेवला आणि तासाभराने सहज चौकशी केली. बहात्तर. म्हणजे त्या टेबलावर जी पोचत होती ती हिची नाडी नव्हती. हिला उद्या काही झालं असतं, तरी तिथे बहात्तरच दिसलं असतं, आणि कोणी फोन केला नसता. हे सांगितलं असतं तर त्यांनी तिला उचलून वॉर्डात नेलं असतं. मी पलंगाशी बसून विचारलं, "सिस्टरना सांगू का?" तिने दोनदा दाबलं. मग मी गप्प बसलो.

त्याच दिवशी गच्चीवरचा पाण्याचा नळ बंद करायला मी तीन जिने चढून गेलो. एरवी दुसऱ्या जिन्यावर बसून घ्यावं लागतं. वर पोचलो आणि लक्षात आलं की दम लागलेला नाही. मनगटावर बोट ठेवून, घड्याळ बघून मिनिटभर मोजलं. किती भरले ते तुम्ही ओळखलं असेल. मला त्या वेळी भीती वाटायला हवी होती, मी वाटही पाहिली. पण भीती म्हणजे आधी छातीत काहीतरी व्हावं लागतं. ते झालं नाही.

महिना पुरा झाल्यावर डॉक्टरांनी कागद पाहिले आणि लाइनची गरज उरली नाही असं लिहून दिलं. इतकी स्थिर नाडी त्यांनी घरच्या पेशंटची पाहिली नव्हती. हॉस्पिटलचा माणूस आला, पट्टा आणि चिमटा खोक्यात घालून घेऊन गेला. आता फुली नाही, वॉर्ड नाही. शब्द पाळला गेला होता.

मी हिच्याजवळ बसलो, बोट तिच्या मुठीत दिलं. "सुटलो आपण," मी म्हटलं. तिने एकदा दाबलं. मग, का कोण जाणे, मी तोच जुना प्रश्न विचारला. "परत वॉर्डात जायचं का?"

तिने दोनदा दाबलं. हलकेच. आणि बोट सोडून दिलं. नको असलेला चहा नाकारावा तसं.

मी तिचा हात उलटा करून पाहिला, माझं बोट पाहिलं. नखांची खूण नव्हती.

आता तिसरा डबा काढायला हरकत नव्हती. मी त्याची वायर हातात धरली. बराच वेळ धरून उभा होतो. तिच्या छातीवरची चादर वरखाली होत होती, आणि त्या लयीला तोड नव्हती. ही लय इथून येत असेल, तर वायर ओढल्यावर खाली तिची स्वतःची काही शिल्लक असेल का, हा प्रश्न होता. असेलही. मी वायर सोडली. घाबरून नाही. घाबरलो की काय, हे मी मोजून पाहिलं.

काल दुपारी लँडलाइन वाजला.

"काका, मी बोलतेय." दुपारच्या सिस्टर. लाइन बंद झाल्यावर त्यांचं माझ्याकडे काही काम नव्हतं. "काकू बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. का हो?"

"काही नाही… तुमचा पट्टा मिळाला. इथेच आहे, माझ्यासमोर, खोक्यात." त्या थांबल्या. "काका, तुम्ही दुसरा पट्टा घेतलात का? बाहेरून?"

"नाही."

"कारण तुमची लाइन येतेय. बहात्तर. मी बंद केली, तीनदा. परत येते."

मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेलो. हिच्या मनगटावर बोट ठेवलं. "सिस्टर, तुम्हाला तिथे ठोके दिसतात ना? दिसेल तसा एकेक म्हणा."

"आत्ता," त्या म्हणाल्या. "आत्ता. आत्ता. आत्ता."

हिच्या मनगटावर प्रत्येक 'आत्ता'ला एक ठोका होता. मी फोन खांद्यात धरून दुसऱ्या हाताने स्वतःची मानेवरची शीर चाचपली. तिथेही तोच. सिस्टर मोजत राहिल्या. मग मधेच थांबल्या. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सिस्टर?"

"काका…" त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, भिंतीवरची सूचना वाचल्यासारख्या. "मी आत्ता माझी बघितली. घड्याळ लावून." खुर्ची पुन्हा सरकली. "मला घाबरायला हवं, नाही का?"

"हवं," मी म्हटलं.

"होत नाहीये."

दोघंही फोन धरून होतो. त्यांच्या टेबलामागे वॉर्ड आहे, दार उघडं असावं. तिथे पंधरा-वीस पलंग आहेत, मी दोन महिने मोजले आहेत, आणि प्रत्येकाच्या उशाशी एक यंत्र टिकटिकत असतं.

मला एकच टिकटिक ऐकू येत होती.